एसएसमध्ये टीसीटी होल सॉचे दात वारंवार उडतायत? आधी चकती बघा

एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील. टीसीटी होल सॉ म्हणजे कडेला टंगस्टन कार्बाइडचे दात बसवलेला, ड्रिलला लावून पत्र्यात मोठं गोल भोक पाडायचा डब्यासारखा कटर. तर, नवा कटर. पहिली दोन भोकं सरळ पडली. तिसऱ्याला अगदी शेवटी ‘टक्’ असा बारीक आवाज, ड्रिलला झटका, आणि बाहेर काढून बघावं तर एक दात गायब. चौथं भोक तसंच रेटलं की आणखी दोन. मग नागदेवीच्या टूलवाल्याला फोन: “काय माल दिलात शेठ?” पलीकडून ठरलेलं उत्तर: “माल चांगलाच आहे, तुमच्या पोरांना चालवता येत नाही.”

हे भांडण मी साताठ वर्षं केलं. साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. हॉटेलच्या किचनची एसएसची कामं करतो: सिंक, टेबल, हूड, ट्रॉल्या. भोकं जास्त असली की पत्रा लेझरला जातो, पण साइटवरची भोकं कधी चुकत नाहीत. प्लंबर ऐन वेळी सांगतो की नळ इथे नाही, तिथे हवा. म्हणजे १६ गेज जाडीच्या पत्र्यात ३५ एमएमचं भोक, उभ्यानं, हँड ड्रिलनं, आजूबाजूला टाइल्सवाले आणि एसीवाले एकमेकांवर ओरडतायत अशा जागी. दादरच्या एका साइटवर एका दिवसात तीन कटर गेले तेव्हा मात्र मी बिलं बाजूला ठेवली आणि खाली पडलेल्या चकत्या गोळा करून घरी आणल्या.

हे माझं डोकं नव्हे. आमच्याकडे पूर्वी एक म्हातारे मिस्त्री होते, परळच्या गिरणीच्या वर्कशॉपमधून आलेले. ते म्हणायचे, “भोकाकडे काय बघतोस, भोक तर गिऱ्हाइकाचं. चकती आपली, ती बघ.” तेव्हा हसलो होतो. चकती म्हणजे कटरच्या पोटात राहणारा तो गोल तुकडा. कटरनं काय भोगलं ते सगळं तिच्या कडेवर उमटलेलं असतं, आणि आपण ती झाडून भंगारात टाकतो.

आधी तुटलेला दात बघा, मग चकती

दात दोन तऱ्हेनं जातो आणि दोन्हींचं कारण वेगळं असतं. हे वेगळं केलं नाही तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे.

पहिली तऱ्हा: दात मुळापासून निघालाय. त्याच्या जागी खाच स्वच्छ, चंदेरी किंवा पिवळसर, डाग दिल्यासारखी दिसते. कार्बाइडचा तुकडा स्टीलच्या बॉडीवर ब्रेझिंगनं, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूच्या डागानं, बसवलेला असतो. तो डाग पूर्ण वितळायला सहाशे अंशांच्या वर जावं लागतं, पण कमजोर व्हायला तितकं लागत नाही. मुळापासून निघालेला दात म्हणजे बहुतेक वेळा उष्णता, म्हणजेच स्पीड. एखाद्या वेळी खरोखर माल वाईट असतो, डाग अर्धाच बसलेला असतो. तेव्हा खाचेत अर्धा भाग चकचकीत आणि अर्धा काळा दिसतो. असा कटर जपून ठेवा आणि दुकानदाराला दाखवा. या एकाच वेळी तुमचं भांडण खरं असतं.

दुसरी तऱ्हा: दात अर्धा तुटलाय, मूळ जागेवर आहे, आणि तुटलेला भाग करडा, रवाळ दिसतो, कपाची कड उडावी तसा. हा धक्का. स्पीडचा याच्याशी थेट संबंध नाही. आमच्या दादरच्या तीन कटरांपैकी दोन असे होते आणि आम्ही तरीही स्पीडलाच शिव्या देत होतो.

कार्बाइड हा प्रकार मुळात कसा आहे ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं जातं. टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टमध्ये धरून ठेवलेले असतात. कडक भरपूर, पण लवचीकपणा जवळजवळ नाही. आपल्याकडे जुने टर्नर याला अजून ‘विडिया’ म्हणतात. १९२०च्या दशकात जर्मनीतल्या क्रुप कंपनीनं हे टूल ‘विडिया’ नावानं बाजारात आणलं, जर्मन शब्दांचा अर्थ ‘हिऱ्यासारखं’. हिऱ्यासारखं घासलं जात नाही हे खरं, आणि काचेसारखं तडकतं हेही खरं. लेथवर ते मजबूत टूल पोस्टमध्ये आवळलेलं असतं, तिथे ते राजा. आपण ते पातळ डब्याच्या कडेला चिकटवून हातातल्या ड्रिलला लावतो.

चकतीवर काय दिसतं

ती पुसा, उजेडात धरा, नखानं कड फिरवून बघा.

कड निळी किंवा गर्द तपकिरी झालीय: स्पीड जास्त, किंवा तेल नाही, किंवा दोन्ही. फिकट सोनेरी छटा असेल तर हरकत नाही.

कडेच्या अर्ध्या उंचीवर आरशासारखा चकचकीत पट्टा आहे: तिथे कटर कापत नव्हता, नुसता घासत होता. एसएसमध्ये हे सगळ्यात घातक आहे. ३०४, म्हणजे किचनच्या कामातला नेहमीचा एसएस, घासलं की वरचा थर जागच्या जागी कडक होतो, आणि मग पुढचा दात त्या कडक थरावर येतो. पोरगा दमला, हात सैल सोडला, ड्रिल फिरतच राहिलं, मग पुन्हा जोर लावला, तर असा पट्टा हमखास दिसतो. नियम एकच: कापताय तर कापा, नाहीतर ड्रिल फिरतं ठेवूनच बाहेर काढा. आत राहून नुसतं फिरवत बसू नका.

मधलं पायलटचं, म्हणजे कटरच्या मध्यभागी असलेल्या बारीक ड्रिलचं, भोक गोल नाही, लंबगोल आहे: पायलट ड्रिल गेलंय किंवा ढिलं आहे.

चकती ताटलीसारखी वाकलीय: पत्र्याला खालून आधार नव्हता आणि दाब फार होता. पातळ पत्र्यात, म्हणजे १८ गेज, साधारण १.२ एमएम आणि त्याहून कमी, हे नेहमीचं.

एकाच बाजूला जाड बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, दुसरी बाजू साफ: ड्रिल तिरकं होतं. अर्धे तुटलेले दात आणि ही एका बाजूची बर, ही जोडी बहुतेक वेळा एकत्रच सापडते. त्यावर खाली सविस्तर लिहितो, कारण आमचं निम्म्याहून जास्त नुकसान तिथेच होत होतं.

स्पीड: ट्रिगर पूर्ण दाबू नका म्हणून भागत नाही

बहुतेक १३ एमएम इम्पॅक्ट ड्रिल मोकळं २,८०० ते ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांनी, फिरतं. ३५ एमएमच्या कटरचा परीघ ११० एमएम. गुणाकार करा: २,८०० आरपीएमला दाताचा वेग मिनिटाला ३०८ मीटर. ९० एमएमच्या कटरला तोच आकडा ७९० मीटरच्या वर जातो. एसएसमध्ये, हातानं, जवळजवळ कोरडं. दात निघणार नाही तर काय होणार?

मी एसएससाठी मिनिटाला २० मीटर धरून चालतो. पाठ करायला सोपं: ६,४०० ला व्यासानं भागा. ३५ एमएमला १८० च्या आसपास आरपीएम, ५० ला १२८, ६३ ला १००, ९० ला ७०. साध्या लोखंडाला, म्हणजे एमएसला, ९,५०० ला व्यासानं भागतो, ५० एमएमला १९०. तुमच्या कटरच्या डब्यावरच्या तक्त्यात याहून जास्त आकडे असतील तर तो तक्ता खरा, पण तो तक्ता पिलर ड्रिल, व्हाइस आणि वाहतं कूलंट गृहीत धरून असतो. साइटवर माझ्या आकड्यापासून सुरू करा आणि चकती सांगेल तसं वाढवा. तुलनेसाठी, बायमेटल होल सॉच्या (दोन प्रकारचं स्टील जोडून केलेल्या, कार्बाइड नसलेल्या कटरच्या) नेहमीच्या तक्त्यात २ इंचाला एमएससाठी १७० आणि एसएससाठी ८५ आरपीएम असतात. म्हणजे कार्बाइड लावलं म्हणून दहापट पळवायचं नसतं.

इथे लोक एक चूक करतात आणि आम्हीही केली. मोठ्या स्पीडचं ड्रिल घेऊन ट्रिगर अगदी हलका दाबायचा. स्पीड कमी होतो, पण ताकदही जाते. कटर अडकत अडकत फिरतो, प्रत्येक अडकण्याला दाताला धक्का बसतो, आणि ड्रिलचा पंखा हळू फिरत असल्यामुळे आर्मेचर तापून वास सुटतो. गिअर बदलता येणारं ड्रिल हवं. १८ व्होल्टच्या कॉर्डलेसचा पहिला गिअर ४००-५०० आरपीएमपर्यंत असतो आणि त्यात जोर असतो. ५० एमएमपर्यंत ते काम करतं. ९० एमएमला मात्र साइड हँडल लावल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. कटर धरला तर ड्रिल थांबत नाही, मनगट फिरतं. आमच्या एका हेल्परचा हात असाच दोन आठवडे बांधलेला होता, आणि त्या दोन आठवड्यांचं काम मी केलं.

इम्पॅक्टचा, म्हणजे हातोडीचं चित्र असलेला खटका: कार्बाइडच्या कटरला तो कधीही चालू नको. भिंतीत खुंटी मारून झाल्यावर तेच ड्रिल कोणीतरी पत्र्याला लावतं आणि खटका तसाच राहतो. एका सेकंदात सगळे दात जातात. मी आमच्या ड्रिलवर त्या खटक्यावर टेपच मारलीय.

आरपार होताना

आता ती एका बाजूची बर.

कटर पत्र्यात खाली जातोय, सगळे दात सारखे कापतायत, दाब सारखा वाटून घेतला जातोय. ड्रिल केसभर जरी तिरकं असेल तर एका बाजूचे दात आधी आरपार होतात. त्या क्षणी तिकडचा विरोध संपतो, तुमचा हात तोच जोर लावून असतो, सगळा जोर उरलेल्या बाजूच्या दोन-तीन दातांवर येतो. ते एका फेरीत जितकं कापायचं त्याच्या कित्येक पट खोल घुसतात. त्यात पत्रा पातळ उरलेला, वाकतो, उघड्या कडेला दात आदळतो. ‘टक्’. तो आवाज नेहमी शेवटी येतो याचं कारण हे. पोरं म्हणतात, “शेवटपर्यंत मस्त चालत होता,” आणि ते खरंच बोलत असतात.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र केले तरच फरक पडला.

एक, खाली लाकूड. पत्र्याच्या मागे १२ एमएमच्या प्लायचा तुकडा सी क्लॅम्पनं आवळा. पत्रा वाकत नाही आणि आरपार झाल्यावर कटर हवेत न पडता लाकडात उतरतो, त्यामुळे विरोध एकदम शून्य होत नाही. सिंकच्या खाली क्लॅम्प बसत नसेल तर हेल्परला प्लाय हातानं दाबायला सांगू नका. खालून बाहेर येणारं पायलट लाकूड भेदून हातात जाऊ शकतं. जॅकसारखा एखादा टेकू लावा.

दोन, दाब आवाजावर ठेवा. कापताना आवाज जाड आणि सलग असतो. आरपार व्हायच्या आधी तो पातळ होतो, किंचित कुरकुरतो. तिथे हात थोडा सैल करा, पण थांबू नका, थांबलात तर तो चकचकीत पट्टा. हे हातात यायला दहा-बारा भोकं लागतात. शिकवायचं असेल तर भंगारातल्या एसएसवर शिकवा, गिऱ्हाइकाच्या सिंकवर नको.

तीन, ड्रिल सरळ. सांगायला सोपं, पण उभ्या माणसाला वरून आपलं ड्रिल सरळ दिसतंच, तिरकं असलं तरी. बाजूला बसलेला माणूस सांगतो. आम्ही आता मोठ्या भोकाला नेहमी दोघं असतो: एक चालवतो, दुसरा बाजूनं बघून “जरा डावीकडे” म्हणतो आणि तेल घालतो. दोन माणसं एका भोकाला ही चैन वाटेल. तीन कटरचे पैसे मोजून बघा.

पायलट: स्वस्त वस्तू, महाग नुकसान

मधलं बारीक ड्रिल, बहुतेक ६ एमएमचं, हे साध्या हाय स्पीड स्टीलचं असतं. दात कार्बाइडचे, पायलट एचएसएसचं. म्हणजे पायलट आधी बोथट होणार हे ठरलेलं. तरी कटर नवा घेताना पायलट कोणी वेगळं विचारत नाही. बोथट पायलट जागेवर बसत नाही, नाचतं, आणि दात पत्र्याला लागतात तेव्हा सगळा कटर गोल फिरायच्या ऐवजी हेलकावे खातो. मग दातांना बाजूनं धक्के. चकतीचं मधलं भोक लंबगोल होतं ते यामुळेच.

आता मी कटरबरोबर चार पायलट घेतो. पायलट बसवताना ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला धरून ठेवणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू, पायलटच्या सपाट बाजूवरच आवळा, गोल बाजूवर आवळला तर तो फिरतो आणि हळूहळू आत सरकतो. पायलटचं टोक दातांच्या पुढे असलंच पाहिजे. सरकून दातांच्या पातळीला आलं तर दात पायलटच्या आधी पत्र्याला लागतात आणि कटर पत्र्यावर नाचत सुटतो, म्हणजे सिंकवर चंद्रकोरी ओरखडे आणि पॉलिशवाल्याचं वेगळं बिल. आधी पंच मारा, पण एसएसवर हलकाच. जोरात मारलेल्या पंचाखालचा भाग कडक होतो आणि पायलट तिथेच जळतं.

पायलट तुटलं आणि साधं लांब ड्रिल कापून लावलं तर चालतं का? चालतं, पण कापलेल्या ड्रिलच्या शँकला, म्हणजे धरायच्या दांड्याला, सपाट बाजू घासून घ्या, आणि फार लांब ठेवू नका.

आधीच भोक असेल आणि तेच मोठं करायचं असेल, उदाहरणार्थ २२ चं ३५ करायचं, तर पायलटला धरायला जागाच नाही. मोकळा कटर हातानं धरून बसवायचा प्रयत्न म्हणजे दातांची कत्तल. जुन्या भोकात लाकडाचा गुटका ठोकून बसवा, किंवा मागे प्लाय आवळून त्या प्लायवर केंद्र काढा. पायलट लाकडात धरलं की दात नीट बसतात.

चकती काढताना मोडलेले दात

हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. कटरमध्ये पायलटभोवती स्प्रिंग असते. ती चकती बाहेर ढकलते. स्प्रिंग हरवली किंवा दबून गेली की चकती आत अडकते. मग पोरं काय करतात? स्क्रू ड्रायव्हर घालून चकती उपटतात, आणि स्क्रू ड्रायव्हरचा टेकू कशावर? दातावर. किंवा कटर लाद्यांवर आपटतात. ज्या दिवशी मी हे डोळ्यांनी बघितलं त्या दिवशी मला कळलं की आमचे कितीतरी दात भोकात तुटलेच नव्हते, भोकाच्या नंतर तुटले होते. पुढच्या भोकात फक्त ते कळायचे.

स्प्रिंग वेगळी मिळते, नसेल तर साइझची एखादी पेनाची किंवा व्हॉल्व्हची स्प्रिंग शोधून लावा. चकती अडकलीच तर पायलट सोडून काढा आणि मागच्या बाजूच्या खिडकीतून, किंवा पायलटच्या भोकातून, पातळ पिननं ठोका. दातांच्या बाजूनं काही घालू नका. आणि कटर पान्यांच्या पेटीत सुटा टाकू नका. साकीनाक्याहून दादरपर्यंत टेम्पोत रस्त्याचे खड्डे किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला दात पान्यावर आपटतो. ज्या प्लास्टिकच्या डबीत कटर येतो ती फेकू नका.

ड्रिल उलटं फिरवून कटर बाहेर काढू नका. दात पुढच्या बाजूनं कापायला बनलेत, मागच्या बाजूनं त्यांना आधार कमी असतो. आणि दात पत्र्याला टेकलेले असताना ड्रिल चालू करू नका. आधी फिरू द्या, मग टेकवा.

तेल

साइटवर कूलंटची बादली न्यायला कोणी तयार नसतं, मान्य. पण एक कटिंग ऑइलची बाटली किंवा मेणासारखी कटिंग पेस्ट खिशात मावते. उभ्या पत्र्यावर पेस्ट चांगली, ओघळत नाही. एसएस उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ३०४ ची उष्णता वाहून नेण्याची ताकद साध्या स्टीलच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणजे सगळी उष्णता दाताच्या टोकाशीच साचून राहते. दोन थेंब तेल हे लाड नव्हेत. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला रॉकेल चालतं, दातावर माल चिकटत नाही. एसएसला नाही. आणि तापलेल्या कटरवर पाणी मारून गार करू नका, कार्बाइडला तडा जातो.

सगळं बरोबर करूनही दात उडतोय

मग पत्रा बघा. बाजारात ३०४ म्हणून २०० सिरीजचा माल खूप येतो. त्यात निकेलच्या जागी मँगनीज घातलेलं असतं, आणि तो घासला की ३०४ पेक्षाही जास्त कडक होतो. लोहचुंबकानं कळत नाही, दोन्ही न चिकटणारे. कुंभारवाड्याच्या पत्र्यावाल्यांकडे केमिकलचा थेंब टाकून रंग बघायची पद्धत आहे, ती करून घ्या. आमचं एक काम असंच अडकलं होतं. एकाच कटरनं एका टेबलावर दहा भोकं पडली, दुसऱ्या टेबलावर दोन. कटर तोच, पोरगा तोच. पत्रा वेगळा निघाला.

भोकाच्या रेषेत वेल्ड येतोय का तेही बघा. वेल्डवरून कटर फिरला की प्रत्येक फेरीत दाताला एक ठोका. शक्य असेल तर वेल्ड आधी ग्राइंडरनं सपाट करा आणि भोक दोन-तीन एमएम सरकवा. पाइपमध्ये किंवा गोल टाकीत भोक पाडायचं असेल तर कार्बाइड वापरूच नका. वक्र जागेवर सुरुवातीला फक्त दोन बाजूचे दात लागतात, बाकीचे हवेत, म्हणजे सतत आदळणं. तिथे बायमेटल, हळू, भरपूर तेल. बायमेटलचा दात वाकतो, झिजतो, पण काचेसारखा तुटत नाही. एमएसच्या पातळ पॅनलला, ग्लँड प्लेटला (वायरी आत घ्यायच्या प्लेटला), मी सरळ बायमेटलच लावतो. टीसीटी एसएसलाच राखून ठेवतो.

जाडीही बघा. हातड्रिलसाठीचे आखूड टीसीटी कटर चार-पाच एमएमपर्यंतच्या पत्र्यासाठी असतात, बाहेर थांबायची कड असलेले. दहा एमएमची प्लेट त्यानं पाडायला गेलं तर बॉडी पत्र्यात घासते आणि कीस अडकून दात जातात. जाड प्लेटला चुंबकानं प्लेटवर चिकटणारं मॅग्नेटिक ड्रिल आणि त्याचा नळीसारखा अॅन्युलर कटर. तो एमएसवर. ३०४ वर मॅग्नेट धरत नाही, हे माहीत नसलेला एक उत्साही इंजिनिअर मी बघितलाय. मशीन सेफ्टी चेनला बांधलेलं नसतं तर पायावर आलं असतं.

चाळीस-पन्नास सारखी भोकं असतील तर यातलं काहीच करू नका. ड्रॉइंग वसई किंवा भिवंडीकडच्या लेझरवाल्याला पाठवा. पातळ पॅनलवर मोजकी भोकं असतील तर हायड्रॉलिक पंच घ्या, तो फक्त पायलटएवढं भोक मागतो आणि दात नावाची भानगडच नाही.

हातमोजे: कटर फिरताना घालू नका, गुंततात. चकती उचलताना घाला, कड वस्तऱ्यासारखी असते आणि लगेच उचलली तर चटका देते. गॉगल दोन्ही वेळी. तुटलेला कार्बाइडचा कण डोळ्यात गेला तर तो आपोआप निघत नाही, आणि चुंबकानं काढता येतोच असं नाही.

एक दात गेलेला कटर चालवायचा का? एसएसमध्ये नाही. गेलेल्या दाताच्या मागचा दात दुप्पट कापतो, तोही जातो, मग रांगेनं सगळे. अॅल्युमिनियम, एसीपी शीट (मध्ये प्लास्टिक असलेला अॅल्युमिनियमचा पत्रा), प्लाय यांना तो अजून बराच काळ चालतो, आमच्याकडे अशा कटरांवर निळा रंग मारलेला असतो म्हणजे चुकून एसएसला लागत नाहीत. धार लावून घ्यायचा विचार असेल तर सांगतो, साध्या पांढऱ्या व्हीलवर कार्बाइड घासलं जात नाही, हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंड व्हील लागतं, आणि सगळे दात एका उंचीत आणणं हातानं जमत नाही. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कटर एका बाजूनंच कापायला लागला.

पूर्ण संपलेले कटर लोखंडाच्या भंगारात टाकू नका. विडियाचा भाव वेगळा असतो. डाग गॅसनं गरम करून दात सोडवा, डबीत साठवा, आणि भंगारवाला आला की लोखंड वेगळं, विडिया वेगळं तोलायला लावा. पहिल्यांदा तो “सगळं एकच आहे साहेब” म्हणेल.